कुसळतात्यांचं कुरण

सांगायला जरा लाज वाटते, पण कुसळतात्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं तोंड पाहिलंच नाही. साडीचा काठ पाहिला. हातात बॅग, खांद्याला पर्स, अंगाला घाम अशी मी नवी मास्तरीण भाड्याची खोली विचारायला दारात उभी, आणि हा पांढऱ्या मिशांचा म्हातारा ओसरीवरून उठला, माझ्या पायाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, हलू नगा. हाय तशाच उभ्या ऱ्हावा."

मी किंचाळणारच होते. तेवढ्यात आतून त्यांची बायको, लक्ष्मीकाकी, कडाडली, "आवं, माणसाला आधी पाणी तरी इचारा! साडी कुठं पळून चाललीया व्हय?"

तात्यांच्या कानापर्यंत ते गेलंच नाही. डोंगर चढताना माझ्या काठात अडकलेली गवताची कुसळं ते चिमटीनं उपसत होते आणि डाव्या तळहातावर ओळीनं मांडत होते. मग हात उजेडात धरून म्हणाले, "पायवाटंनं न्हाई आलासा. मधनंच चढलासा. पाण्याच्या टाक्याजवळनं." खरंच तशीच आले होते, रस्ता चुकले होते! मी कबूल केलं. तात्यांनी कुसळं पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. "खोली हाय. पर घराभायेर जाताना आन् येताना पाय झाडायचं. डोंगराची वस्तू डोंगरातच ऱ्हायाला पायजे."

अशी मला खोली मिळाली.

ही गोष्ट नव्वदीतली. मी पक्की सांगलीची. आमच्याकडं उंच म्हणजे हळदीच्या पोत्यांची थप्पी, नाहीतर कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या. दिवाळीच्या सुट्टीत बदलीचा कागद आला आणि मी कोयनानगरच्या पुढं, घाटाची सगळी वळणं घेऊन झाल्यावर जिथं एस.टी. हात टेकते, तिथून तासभर चढून वरच्या वाडीत येऊन पडले. तीस-बत्तीस घरं, दोन खोल्यांची शाळा, आणि वाडीच्या डोक्यावर अख्खं पठार गवताचं. ते कुरण. आणि त्या कुरणाचे राखणदार म्हणजे आमचे तात्या. खरं आडनाव मतदारयादीत असेल, पण गाव त्यांना कुसळतात्याच म्हणायचं, आणि तेही तोंडावर.

गावानं त्यांना कधीकाळी रीतसर नेमलं होतं. आषाढात नारळ फोडून कुरण बंद करायचं, दसऱ्यानंतर सगळ्यांनी मिळून विळे घालायचे, गवत कापून झालं की मगच गुरं सोडायची, अशी जुनी रीत. पुढं निम्मी माणसं मुंबईला गेली, निम्मी जनावरं बाजारात गेली. राखणदाराची गरज संपली. तात्यांना मात्र हे कुणी कळवलंच नाही.

माझ्या लेखी गवत म्हणजे गवत. ओलं असलं तर गवत, वाळलं तर वैरण. हे मी एकदा तात्यांसमोर बोलले. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला. "बाई, शाळंत तुमी समद्या पोरांना 'ए पोरा' म्हणूनच हाक मारता का? त्यास्नी नावं हायती न्हवं?" मग त्या संध्याकाळी मला नावं पाठ करावी लागली. पवन्या, मारवेल, डोंगरी, वासाचा रोशा आणि ती बदनाम कुसळी. कुसळी पिकली की गुरांच्या तोंडात टोचते, म्हणून लोक तिला शिव्या घालतात. तात्यांना ते खपायचं नाही. "कुसळी वाईट न्हाई. तिची येळ साधाय लागती. कवळी कापा, म्हस आवडीनं खाती. तुमीच उशिरा जाता आन् नाव तिचं!"

त्यांचं एक पालुपद होतं: "गवताला इचारलं का?" कुणी सोयरीक जमवली, टाकी बांधायची ठरली, निवडणुकीला उभा राहिला, तात्या शांतपणे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते समदं ठीक हाय. पर गवताला इचारलं का?" पहिल्या महिन्यात भूकंपाचा धक्का बसला. तिकडं तो बसतोच, पण मला काय ठाऊक! मी पोळपाट हातात घेऊन अंगणात. तात्या ओसरीवर कुसळं निवडत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "बारका हुता. गवात बी हाललं न्हाई. जावा, पोळी करपंल."

पण तात्यांचा खरा अवतार पाहावा तो फाल्गुनात. डोंगर वाळून खडंग झालेला. जुन्या लोकांची समजूत अशी, की गवत पेटवून दिलं की नवा कोंब जोरात येतो. तात्यांचा या गोष्टीवर असा राग, की बोलताना मिशा थरथरायच्या. "जाळलं की आधी मारवेल मरती, मग पवन्या मरतो. निस्ती कुसळी मागं ऱ्हाती. आन् कापलंच न्हाई, तर झुडपं चढून बसत्यात. गवताला माणूस लागतोय बाई, पर विळ्याचा. काडीचा न्हाई!" म्हणून कुरणाच्या कडेनं गवत खरवडून ते जाळपट्टा काढायचे, आग आत येऊ नये म्हणून. आणि डोंगराच्या पायथ्याला, जांभळीखाली, एक पिशवी घेऊन बसायचे. वर जाणाऱ्या प्रत्येकाची काडीपेटी जमा. उतरताना परत.

एकदा पलीकडच्या गावाला जाणारं वऱ्हाड तिथं अडकलं. नवरदेवाचे मामा विडी पेटवलेली घेऊनच आले. तात्यांनी त्यांच्या तोंडातली विडी काढून विझवली आणि म्हणाले, "पावनं, खिशातली पेटी बी द्या." मामा भडकले. बँडवाले थांबले. मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी नवरदेवानंच मामांच्या खिशात हात घातला. परतीच्या उतरणीला वऱ्हाडाला पेटी परत मिळाली, पण ती दुसऱ्याच कुणाची. मामांनी म्हणे तीन महिने त्याची कुरकुर केली.

शाळेतली पोरं मात्र तात्यांवर खूष. ते मधल्या सुट्टीत यायचे, तळहातावर एक कुसळ ठेवायचे आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडायचे. सुकलेलं, पीळ पडलेलं कुसळ हळूहळू गरगर फिरायला लागायचं. "बगा, कसं गिरमिट फिरतंय! पाऊस पडला की हे आपलं आपन जमिनीत शिरतं. त्येला ना नांगर लागतो ना बैल." विज्ञानाच्या पुस्तकात मला असा एकही धडा सापडला नाही.

आता माझ्या मूर्खपणाकडं येते.

मी नवी, उत्साही. 'झाडे लावा' असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, वनखात्याला अर्ज करा, पावसाळ्यात रोपं मिळतील." मी अर्ज लिहिला. जागा कुठली? तर वाडीच्या डोक्यावर नुसतं मोकळं पठारच पडलंय की! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गावाच्या वरची पडीक जागा'. त्यावर हेडमास्तरांची सही घेतली, शिक्का मारला. मंजुरीही झटकन आली.

बातमी तात्यांना गार्डसाहेबांनी सांगितली. गार्डसाहेब म्हणजे वनखात्याचे आमच्या भागातले शिपाईगडी; स्वभावानं बरे, पण तात्यांकडं त्यांच्याही चार काड्यापेट्या अडकलेल्या. त्या संध्याकाळी तात्या माझ्या खोलीच्या दारात आले. आत नाही आले.

"बाई, पडीक लिवलंसा?"

मी म्हटलं, "तात्या, कागदावर तसंच लिहितात. शेत नाही, झाड नाही, त्याला पडीकच म्हणतात. आणि झाडं लावणं काय वाईट आहे?"

"झाड वाईट न्हाई ओ. पर देवघरात म्हस बांधली, तर म्हस वाईट म्हणायची का?" एवढं म्हणून ते वळले. माझ्याशी बोलणं बंद. मी येता-जाता पाय झाडायची, मोठ्यानं झाडायची, तरी बघायचे नाहीत. लक्ष्मीकाकी भाकरी आणून द्यायची आणि हळूच म्हणायची, "मनावर घिऊ नगा. माज्याशी बी असंच वागत्यात. लग्नापासनं."

उन्हाळ्याच्या सुट्टीला मी निघाले, तेव्हा मात्र तात्या पायथ्यापर्यंत आले. हातात जुन्या वर्तमानपत्राची पुडी, दोऱ्यानं चहूबाजूंनी आवळलेली. "सांगलीला जाताय. वाटंत कडेगाव. तितं माजी धाकटी भन असती, तानूबाई. येवढं द्या तिला. बी हाय. दर साली धाडतो, कुनी ना कुनी जानारं गावतंच." जरा थांबून म्हणाले, "बांधभर आलं असंल आत्तापत्तुर." रागावलेल्या माणसाचं काम नाकारायचं कसं? घेतली पुडी.

कडेगावच्या बाहेर, चारी बाजूंनी ऊस, मधे तानूबाईचं घर. बाई लहानखुरी, काटक, अगदी तात्यांच्याच वळणाची. पुडी हातात पडताच तिनं ती उघडली नाही. नाकाला लावली. डोळे मिटून कितीतरी वेळ वास घेत बसली.

"दादा बरा हाय? अजून काड्यापेट्या गोळा करतोय?"

मी हसून हो म्हटलं आणि विचारलं, "बांधावर आलंय म्हणे गवत. दाखवा ना."

"कुठलं आलंय! पहिल्या साली पेरलं. आलं बी, लय सुरेख आलं. माज्या थोरल्यानं तण म्हणून भांगलून टाकलं." तानूबाई हसली. "त्येचं बी काय चुकलं? उसात ते तणच की. तवापासनं पेरत न्हाई." तिनं देवळीतला पितळी डबा उतरवला. आत सगळ्या पुड्या, वर्षानुवर्षांच्या, एकावर एक रचलेल्या. नव्या पुडीला तिनं हळद-कुंकू लावलं आणि ती वर ठेवली.

मग चहा देताना तिनं जे सांगितलं, ते तात्यांनी सहा महिन्यांत सांगितलं नव्हतं. वरची वाडी त्यांची मूळची नव्हेच. त्यांचं गाव खाली खोऱ्यात होतं. धरण झालं आणि घर, देऊळ, पाणवठा, शेतं, सगळं पाण्याखाली गेलं. तानूबाईचं सासरही त्याच खोऱ्यातलं. त्यांना इकडं सपाटीला जमीन मिळाली. "आमी भावंडं ल्हानपनी माथ्यावर गुरं राखायचो. तेवढा माथा उंच हुता, म्हणून वाचला. निघायच्या दिवशी मी लय रडले. म्हटलं, दादा, आता मला माहेर कुठलं? तर बोलला, तू जा. वरचं गवात हाय न्हवं? मी तितंच बसतो. तुजं माहेर राखतो." पदरानं तिनं नाक पुसलं. "गेली तीस-पस्तीस सालं बसलाय बगा. भेट कवा झाली? माज्या थोरल्याच्या लग्नात. त्येच्या फुडच्या सालापासनं बी धाडतोय. तो कुरण सोडून येत न्हाई, आन् माजी यस्टी धरणाच्या कडंनं जाती. ते पाणी मला बघवत न्हाई."

मी कपबशी खाली ठेवली. एका बाईच्या माहेरावर मी सुवाच्य अक्षरात 'पडीक' लिहून शिक्का मारून आले होते. मला माझीच इतकी लाज वाटली, की सांगलीला पोचेपर्यंत शेजारच्या बाईशी एक शब्द बोलले नाही. आणि ओळखणाऱ्यांना विचारा, हे माझ्याकडून सहजासहजी होत नाही.

जूनमध्ये परत गेले, तर तात्या पायथ्यालाच. अबोला विसरून पहिला प्रश्न, "पेरलंय तिनं?"

आता काय सांगणार! "बांधभर आलंय, तात्या."

"तर वो! काळ्या मातीत ते जोरात येनारच!" तात्या उजळले. त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत सुटले. आठवड्याभरात ते गवत बांधावरून विहिरीपर्यंत पोचलं, पंधरवड्यात ते तानूबाईच्या कमरेएवढं झालं.

तेवढ्यात रोपं आली. ट्रॉली पायथ्याला थांबली, पोरांनी डोक्यावरून रोपं वर नेली, आणि पाहतो तर कुरणाच्या मधोमध तात्या. डोक्यावर इरलं, भुरभुर पावसात मांडी घालून बसलेले.

गार्डसाहेब म्हणाले, "तात्या, उठा. सरकारी काम हाय."

"गवताला इचारलं का?"

"इचारलं. व्हय म्हणालं." सगळे हसले. तात्या हसले नाहीत. पोरांनी एका कडेनं खड्डे घ्यायला सुरुवात केली. वीतभर गेलं, की पहार खालच्या जांभ्या दगडावर ठणकन वाजायची. वीस-पंचवीस खड्डे झाले असतील. हिरव्या कोवळ्या गवतात ते देवीच्या वणांसारखे दिसायला लागले. तात्या प्रत्येक ठणक्याला डोळे मिटत होते.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "थांबा रे! पहारी खाली ठेवा!" गार्डसाहेबांना म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. अर्ज मी लिहिला. ही जागा पडीक नाही. इथं राखण आहे, गवत कापलं जातं, गुरं जगतात. मी सांगलीची, मला कळलं नाही. हवं तर तसं लेखी देते." हेडमास्तरांचा चेहरा पडला. तो पडू दे म्हटलं.

गार्डसाहेबांनी पहार स्वतः मारून बघितली. ठण्ण! "हितं झाड जगायचं न्हाईच ओ बाई. उन्हाळ्यात मरंल, आन् इचारनार मला. पर रोपांचं करू काय?"

तेव्हा तात्या उठले. इरलं सारखं केलं आणि कुणाला काही न सांगता चालू लागले. आम्ही सगळे मागं. कुरणाच्या खाली एक ओघळ होती. मागं कुणाच्या तरी काडीनं तिथली झाडी जळाली होती. "हितं लावा. हितं माती हाय, पाणी हाय. दरीला झाड, माथ्याला गवात. जांभळ, हिरडा, आंबा, काय हाय ते लावा." निलगिरी पाहून त्यांनी नाक मुरडलं, ती शाळेच्या कुंपणाला गेली. बाकीची सगळी रोपं पोरांनी ओघळीत लावली, तात्या एकेकाच्या बुडाशी पालापाचोळा दाबत फिरले. मला वाटलं, आता दोन गोड शब्द बोलतील. जाताना म्हणाले, "वरचं खड्डं कोन बुजवनार?"

दिवाळीच्या सुट्टीत मी कडेगावला पुन्हा गेले, या वेळी मुद्दाम. तानूबाईला म्हटलं, "चला. मी बरोबर आहे." नाही-हो करत ती तयार झाली. पितळी डबा पिशवीत घातला. एस.टी.त खिडकीकडं मी बसले. धरणाचं पाणी दिसायला लागलं तशी तिनं तोंडावर पदर ओढला आणि माझा हात धरला तो वळणं संपेपर्यंत सोडला नाही.

चढताना मात्र ही बाई माझ्या पुढं! अर्ध्यावर पायवाट सोडून ती सरळ गवतात शिरली. "हितनं चला," म्हणाली. मला तिथं वाट दिसेना. कमरेएवढं पिवळंधमक गवत, आणि ती त्यातून अशी चाललेली, जणू कालच उतरून गेली होती.

तात्या ओसरीवर कुसळं निवडत होते. दारात साडी दिसताच उठले, सवयीनं पायाशी उकिडवे बसले. "हलू नगा बाई. हाय तशाच..." चिमटीनं दोन कुसळं काढली, चार काढली, तळहातावर मांडली. आणि हात थांबला.

"हितनं कोन चढत न्हाई आता," ते स्वतःशीच म्हणाले. "ही तर आमच्या गुरांच्या वाटंवरची."

मग त्यांनी वर पाहिलं.

तळहातावरची कुसळं खाली सांडली. शेवटी लक्ष्मीकाकीच आतून आली आणि तिनं एकदम हंबरडा फोडला, तेव्हा कुठं सगळ्यांना रडायची सवड मिळाली. मीही रडून घेतलं. मग तानूबाईनं पितळी डबा पुढं केला. तात्यांनी झाकण उघडलं, आतल्या पुड्या बघितल्या, आणि मान फिरवून माझ्याकडं पाहिलं. "बांधभर आलंय, व्हय?" मी माझ्या साडीचा काठ बघायला लागले.

"आलं हुतं रं दादा. तुज्या भाच्यानं भांगलून टाकलं."

तात्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग असे हसले, असे हसले, की ठसका लागला. "गवताला इचारलं न्हाई त्येनं!"

दुसऱ्या दिवशी भाऊ-बहीण डबा घेऊन कुरणात गेले. त्या उघड्या खड्ड्यांत मी पोरांकडून माती लोटून घेतली होती, पण ठिकाणं अजून उठून दिसत होती. तिथं त्यांनी एकेक पुडी सोडली. "पाऊस पडला की फिरत्याल आपापली," तात्या म्हणाले. तानूबाई कडेला उभी राहिली आणि प्रथमच तिनं खाली बघितलं, पाण्याकडं. बराच वेळ बघितलं. "आपलं देऊळ तितं हुतं न्हवं? त्या खडकाच्या सरळ खाली?" तात्या म्हणाले, "व्हय. तितंच हाय."

ती निघाली त्या दिवशी सकाळी पुन्हा कुरणात जाऊन आलेली. दारात निरोप घ्यायला उभी, साडीला गुडघ्यापर्यंत कुसळंच कुसळं. लक्ष्मीकाकी म्हणाली, "आवं, काढा की ती. असंच जानार व्हय यस्टीतनं?" तात्या उकिडवे बसले. एक कुसळ चिमटीत धरलं. तसंच धरून राहिले, मग सोडून दिलं.

"ऱ्हाऊ देत," ते म्हणाले. "ताने, वाटंत झटकू नगंस."

त्या घरात मी चार वर्षं राहिले. माझ्या माहितीत, त्या दारातून पाय न झाडता गेलेली ती एकटीच.